स्टिकचा रिमोट चालून नाही राहिला? नवा घ्यायच्या आधी एवढं करून पाहा

मे महिन्यातली गोष्ट. बाहेर पारा ४५ च्या आसपास, संध्याकाळचे सव्वासहा, आणि नागपूरच्या महाल भागातून आईचा फोन. "अरे तो टीव्हीचा रिमोट मेला वाटते, काहीच करून नाही राहिला, माझी साडेसातची सिरियल जाईन ना आता." मी म्हटलं सेल बदलले का, तर म्हणे बाबांनी बदलले, दोनदा बदलले, आधीचे उन्हात ठेवून पाहिले, रिमोट तळहातावर आपटून पाहिला, आणि शेवटी भर दुपारी दुपट्टा बांधून बर्डीच्या बाजारात जाऊन डुप्लिकेट रिमोट घेऊन आले तर तोही चालून नाही राहिला. मग काय, काढली गाडी.

पोचल्यावर मी आधी आवाजाचं बटण दाबलं. टीव्हीचा आवाज वाढला. बाण दाबला, काही नाही. होम दाबलं, काही नाही. म्हणजे रिमोट जिवंत होता की बाप्पा, मेलेला रिमोट आवाज कसा वाढवणार! टीव्हीच्या मागं हात घातला तर स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागं खोचायची ती इंटरनेटवरचं दाखवणारी छोटी कांडी, अशी तापलेली की बोट लगेच मागं घेतलं. काढली, पंख्याखाली दहा मिनिटं ठेवली, परत लावली, होम दाबून धरलं, लागलं सगळं. सिरियल सुरू व्हायला अजून वेळ होता म्हणून चहाही झाला. बाबांचे डुप्लिकेट रिमोटचे पैसे मात्र गेलेच, आणि तो का चालला नाही हे पुढं सांगतो, कारण ते समजलं की अर्धं काम आपोआप होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिमोट चालत नाही असं दिसलं की आपण सगळे रिमोटच्या मागं लागतो, कारण तो हातात असतो. बिघाड तीन ठिकाणी असू शकतो, रिमोटमध्ये, स्टिकमध्ये, नाही तर त्या दोघांच्या मधल्या कनेक्शनमध्ये, आणि माझ्या घरी, सासरी, शेजारी जेवढे रिमोट मी आजवर पाहिले त्यातले खरोखर मेलेले एक की दोनच निघाले.

आता रिमोट काम कसं करते ते पाहा. आपला जुना टीव्हीचा रिमोट, एसीचा रिमोट, हे सगळे इन्फ्रारेडवाले. समोर एक छोटा बल्ब असतो, तो डोळ्याला न दिसणारा प्रकाश फेकतो, समोरच्या मशीनला तो दिसला पाहिजे, मधे कोणी उभं राहिलं की काम बंद. स्टिकचा रिमोट मात्र मुख्यतः ब्लूटूथवर चालते. बाण, ओके, होम, बॅक, माईक हे सगळं ब्लूटूथनं स्टिकला जाते, त्याला समोरासमोर असायची गरज नाही, उशीखालून दाबलं तरी चालते. पण टीव्ही चालू-बंद करायचं बटण आणि आवाजाची बटणं बहुतेक वेळा इन्फ्रारेडनं सरळ टीव्हीला जातात. म्हणजे एकाच रिमोटच्या पोटात दोन वेगवेगळे रिमोट आहेत असं समजा, आणि सेल दोघांचे एकच.

यावरून पहिली परीक्षा फुकटात होते. आवाजाची बटणं चालतात पण बाण आणि होम चालत नाही, तर सेलमध्ये थोडा तरी जीव आहे आणि बहुतेक ब्लूटूथची जोडी तुटलेली आहे किंवा स्टिक अटकलेली आहे. उलटं असेल, म्हणजे बाण चालतात पण आवाज वाढत नाही, तर स्टिकशी सगळं ठीक आहे, फक्त रिमोटला टीव्ही कोणत्या कंपनीचा ते कळून नाही राहिलं, हे टीव्ही बदलल्यावर हमखास होते. स्टिक ॲमेझॉनची फायर टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये इक्विपमेंट कंट्रोल म्हणून आहे, तिथं मॅनेज इक्विपमेंटमध्ये जाऊन टीव्हीची कंपनी परत निवडून द्यायची, काम झालं. आणि दोन्हीही चालत नसेल तर मग सेलपासून सुरुवात.

इन्फ्रारेड पाहायची एक युक्ती बऱ्याच जणांना माहीत आहे, मोबाईलचा कॅमेरा उघडायचा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका चमकतो. खोलीत थोडा अंधार केला की नीट दिसते. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, तिथं सेल्फी कॅमेऱ्यानं पाहा. पण इथंच लोक फसतात. स्टिकच्या रिमोटचा होम किंवा बाण दाबून ठिपका दिसला नाही म्हणून रिमोट खराब असं ठरवू नका, ती बटणं ब्लूटूथवाली आहेत, त्यांचा ठिपका दिसणारच नाही, तपासायचं तर आवाजाचं बटण दाबून तपासा.

बाबांचा डुप्लिकेट रिमोट याच कारणानं नाही चालला. तो बिचारा नुसता इन्फ्रारेडवाला होता, बाहेरून सेम टू सेम, आणि टीव्हीत लागणाऱ्या स्टिकला इन्फ्रारेड पकडायचा डोळाच नसतो. दुकानदारानं "सगळ्याले चालते काका" म्हणून दिला, बाबांनी घेतला. तुम्ही घेताना एकच प्रश्न विचारा, ब्लूटूथ आहे का, आणि दुकानातच माईकचं बटण आहे का ते पाहा. माईक असलेला रिमोट निदान ब्लूटूथवाला असण्याची शक्यता जास्त.

बरं, आता क्रमानं. सगळ्यात आधी स्क्रीनकडं पाहा, हसू नका, अर्ध्या केसेस इथंच संपतात. टीव्हीवर नो सिग्नल लिहून आलं असेल तर कोणीतरी टीव्हीच्या रिमोटनं सोर्स बदलला आहे, स्टिक टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय १ नावाच्या खाचेत आणि टीव्ही एचडीएमआय २ वर बसला आहे, आणि आपण इकडं रिमोटला शिव्या घालून राहिलो. स्क्रीनवर स्क्रीनसेव्हरचे फोटो बदलत असतील किंवा काहीतरी हलत असेल तर स्टिक जिवंत आहे, रिमोटचं तिच्यापर्यंत पोचत नाही. चित्र एका जागी थिजलं असेल, गोल फिरणारं चक्रही फिरत नसेल, तर स्टिक हँग आहे आणि तुम्ही जगातला सगळ्यात भारी रिमोट आणला तरी उपयोग नाही.

हँग असेल तर स्टिकची लाईट काढा. रिमोटनं टीव्ही बंद करणं म्हणजे स्टिक बंद करणं नव्हे, ती मागं जागीच असते. तिची वायर ओढा, पूर्ण एक मिनिट थांबा, एक मिनिट म्हणजे घड्याळात पाहून ६० सेकंद, आपलं मिनिट फार लवकर होते, मग परत लावा आणि मेन स्क्रीन येईपर्यंत काही दाबू नका. फक्त एक सांभाळा, स्क्रीनवर अपडेट चालू आहे असं लिहून आलं असेल तर वायर ओढू नका, वेळ लागला तरी होऊ द्या. रिमोट थोडाफार चालत असेल तर फायर टीव्हीवाल्यांना वायर न काढताही रिस्टार्ट करता येते, मधलं गोल बटण आणि प्ले-पॉजचं बटण दोन्ही सोबत ५ सेकंद दाबून धरायचं.

आणि वायर ओढलीच आहे तर ती जाते कुठं तेही पाहा. फायर स्टिकसोबत जो छोटा अडॅप्टर येते तो ५ वॅटचा असतो, म्हणजे ५ व्होल्ट १ अँपिअर. पण भिंतीवर टीव्ही लावणारा पोरगा वायर लोंबू नये म्हणून ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचून देते, दिसायला छान दिसते, अडॅप्टर डब्यातच राहते. जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टमधून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो. मग काय होते, स्टिक सुरू तर होते, पण जोर लागला की कधी आपोआप रिस्टार्ट होते, कधी ब्लूटूथ सोडते, आणि आपल्याला वाटते रिमोट खराब. आमच्या घरी हेच होतं. अडॅप्टर शोधायला दिवाळीचं सामान ठेवायचा माळा उतरवावा लागला पण तो सापडला, सरळ भिंतीच्या बोर्डात लावला, तेव्हापासून तक्रार अर्ध्यावर आली.

उरलेली अर्धी गर्मीची. आपल्याकडं मे महिन्यात, त्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ सगळ्यात तापलेले दिवस, लागला की, संध्याकाळीही भिंत गरम असते. टीव्ही त्या भिंतीला चिकटलेला, टीव्ही स्वतः मागून गरम हवा सोडून राहिला, आणि त्या दोघांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत ती स्टिक. कूलरची हवा माणसांना लागते, टीव्हीच्या मागं कोण पाठवते! स्टिकच्या डब्यात एक छोटा काळा एचडीएमआयचा तुकडा येते, एक्स्टेंडर, तो बहुतेक लोक कशाचा आहे म्हणून फेकून देतात. तो लावा. त्यानं स्टिक टीव्हीच्या अंगापासून थोडी बाजूला लोंबते, हवा लागते, आणि टीव्हीच्या पत्र्याआड दडलेलं ब्लूटूथही मोकळं होते. तुकडा हरवला असेल तर बर्डीला मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांमध्ये मिळून जाते, एक लहान, एचडीएमआय मेल टू फिमेल असं सांगायचं. फक्त कोणाच्या सांगण्यावरून स्टिक फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि कूलरच्या तोंडाशीही नको, ती हवा ओली असते.

आता सेल. यात बारके सेल लागतात, ट्रिपल ए, सहसा दोन. रिमोटची पाठ उघडणं हीच एक परीक्षा आहे, काही मॉडेलचं झाकण असं घट्ट की नख तुटते, तिथं अंगठा खुणेवर जोरात दाबून मग खाली सरकवायचं, चमच्याच्या टोकानं उपटायला गेलात तर झाकणाची कडी तुटेल आणि मग आयुष्यभर सेलोटेप. उघडल्यावर सेल काढा आणि ते घालायच्या आधी आतल्या स्प्रिंगकडं टॉर्च मारून पाहा.

मी आईचा रिमोट उघडला तेव्हा एका स्प्रिंगवर मीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी होती. सेल लीक झाला की हे होते, आणि उन्हाळ्यात जास्त होते. अल्कलाईन सेल असेल तर आतून निघणारं रसायन पोटॅशियम हायड्रॉक्साईड, हवेत राहून त्याची पांढरी भुकटी बनते. ते क्षार आहे, म्हणून त्याला आंबट लागते. कानात घालायच्या काडीच्या कापसावर लिंबाचा एक थेंब, एकच, पिळू नका, आणि स्प्रिंगवर टेकवा, बारीक फेस येईल आणि भुकटी विरघळेल. मग कोरड्या काडीनं पुसा, मग स्पिरिट किंवा सॅनिटायझरच्या थेंबानं पुसा म्हणजे आंबट मागं राहणार नाही, मग पंख्याखाली अर्धा तास. साधे स्वस्तातले झिंकवाले सेल असतील तर त्यांचं पाणी उलट आम्लाकडं झुकणारं असते, तिथं लिंबू नको, खायच्या सोड्याची जरा ओलसर चिमूट चालते. कोणता सेल होता ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असते. स्प्रिंग तांबूस झाली असेल तर पॉलिश पेपरचा छोटा तुकडा किंवा पोरांचा खोडरबर घासा, चकाकी आली की पुरे. हात धुऊन घ्या आणि ती भुकटी डोळ्याला लागू देऊ नका.

सेल घालताना दोन्ही एकाच वेळचे, एकाच कंपनीचे, दोन्ही नवे. बाबांनी केलं होतं ते असं की एक नवा आणि एक एसीच्या रिमोटमधून काढलेला. दोन सेल एकामागं एक जोडलेले असतात, त्यातला एक दमला की दुसराही त्याच्यासोबत ओढला जातो. ब्लूटूथला इन्फ्रारेडपेक्षा सेलची ताकद जास्त नीट लागते, म्हणून घड्याळात किंवा टीव्हीच्या जुन्या रिमोटमध्ये चालणारा सेल इथं फेल होऊ शकतो, "तिकडं तर चालून राहिला होता" हा पुरावा धरू नका. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे आणि अल्कलाईन १.५ चे, बहुतेक रिमोट चार्जवाल्यांवर चालतात पण अडचण असताना तरी अल्कलाईनच टाकून पाहा. उन्हात ठेवलेला सेल थोडा वेळ चालतो हे खरं आहे, गरमीनं आतली क्रिया जरा जोर धरते, पण तो आणखी पाच-दहा मिनिटांचा पाहुणा असतो आणि लीक व्हायची तयारी करून येते.

एक आणखी. सेल काढलेले असताना रिमोटची सगळी बटणं एकेक करून दहा-पंधरा सेकंद दाबत राहा. आत थोडी वीज साठून राहिलेली असते ती निघून जाते आणि अटकलेला रिमोट कधीकधी एवढ्यानंच सुधारतो. शिवाय कोणतं बटण दबलं की वर येत नाही तेही बोटाला कळते. एक बटण दबून राहिलं तर रिमोटला वाटते तुम्ही तेच दाबून बसला आहात, बाकी कशाकडं तो लक्ष देत नाही आणि दोन दिवसांत सेल संपतात. आमच्याकडं भाच्यानं संत्र्याची बर्फी खाऊन तेच हात लावले होते, ओके बटणाच्या कडेला चिकट कडं जमलं होतं. स्पिरिटची काडी बटणाच्या भोवती फिरवायची, बटण वीस-तीस वेळा दाबायचं, परत फिरवायची. पाणी नको, कॉलिनचा फवाराही सरळ रिमोटवर नको.

आणि पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी. आपल्या घरोघरी नवा रिमोट आला की त्याला पन्नी चढते, वर रबर बँड, मला माहीत आहे, माझ्याही घरी आहे, आईला समजावून मी थकलो. कूलरच्या दिवसांत त्या पन्नीच्या आत दमट होते, बटणं पूर्ण दबत नाहीत, आणि पन्नीची घडी माईकच्या छिद्रावर बसली की बोललेलं कळत नाही, मग आई "मराठी सिरियल" ओरडते आणि टीव्हीवर भलतंच येते. निदान तपासताना तरी पन्नी काढून तपासा.

इथपर्यंत येऊनही नाही झालं तर आता जोडी परत लावायची, पेअरिंग.

फायर टीव्हीचा रिमोट स्टिकच्या जवळ, दहा फुटांच्या आत, घेऊन या. स्टिक पूर्ण सुरू होऊ द्या. होमचं बटण १० सेकंद दाबून धरा. रिमोटवरचा लाईट भरभर लुकलुकायला लागला की तो स्टिकला शोधून राहिला. जोडी लागली की स्क्रीनवर कळते. पहिल्यांदा नाही झालं तर दोन-तीनदा करा, माझं बरेचदा दुसऱ्या वेळी होते. तरीही नाही तर रिमोट रिसेट करायचा, आणि हे जरा सावकाश करा. स्टिकची वायर काढा, ६० सेकंद थांबा. मग रिमोटवर डावा बाण, तीन रेघांचं मेनू बटण आणि बॅकचं बटण ही तिन्ही एकदम दाबा आणि १२ सेकंद धरून ठेवा, यासाठी दोन्ही हात लागतात, एका हातानं धरायला गेलात की एखादं सुटतेच. सोडा, ५ सेकंद थांबा, सेल काढा. स्टिकची वायर लावा, परत ६० सेकंद थांबा. आता सेल घाला आणि होम दाबा. निळा लाईट लुकलुकला तर जुळलं, नाही तर परत होम १० सेकंद. फार जुन्या मॉडेलची रिसेटची पद्धत वेगळी असते, तेव्हा नाही जमलं तर आपल्या मॉडेलची पद्धत कंपनीच्या साईटवर पाहा.

गुगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टला बॅक आणि होम दोन्ही सोबत, लाईट धडधडायला लागेपर्यंत. ॲपल टीव्ही असेल तर रिमोट बॉक्सच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत, आणून बॅक किंवा मेनू आणि आवाज वाढवायचं बटण ५ सेकंद, त्यात सेल नाही, चार्जिंग असते, आधी अर्धा तास चार्ज करून पाहा. फायबरच्या कनेक्शनसोबत मिळणारे बॉक्स प्रत्येक कंपनीचे वेगळे, पण रिमोट सापडला नाही की बहुतेक ते स्क्रीनवर चित्रच दाखवतात कोणती दोन बटणं दाबायची ते, त्या चित्राचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.

घरात दोन स्टिक असतील, एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये, तर आधी बघा रिमोटची अदलाबदल तर झाली नाही ना. दिसायला दोन्ही सारखे, ब्लूटूथ मात्र आपल्याच स्टिकशी बोलते. तुम्ही हॉलमध्ये दाबून राहिले आणि आत बेडरूममध्ये टीव्ही आपोआप पुढं जाऊन राहिला, भूत आलं म्हणून भावजय ओरडली, आमच्याकडं झालं आहे. पाठीवर एक टिकली चिकटवली, तेव्हापासून लालवाला हॉलचा.

रिमोट बिलकुल ऐकत नसेल आणि सेटिंग्जमध्ये तर जायचं आहे, तेव्हा दोन वाटा आहेत. पहिली, टीव्हीचाच रिमोट. टीव्हीत एचडीएमआय सीईसी म्हणून सोय असते, सॅमसंगमध्ये तिला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ती टीव्हीच्या सेटिंगमधून चालू केली की टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके सरळ स्टिकवर चालतात. लोकांना हे माहीतच नसते आणि महिनोन् महिने दोन रिमोट घेऊन बसतात. दुसरी वाट मोबाईल. फायर टीव्हीचं ॲप, किंवा गुगल टीव्हीचं ॲप, फोनवर टाकलं की फोनच रिमोट होते, स्क्रीनवर एक नंबर येते तो टाकायचा. ज्या बॉक्सला मोठा यूएसबी पोर्ट आहे त्याला कम्प्युटरचा साधा माऊस खोचूनही काम भागते. एकदा आत शिरलात की फायर टीव्हीत सेटिंग्जमध्ये रिमोट आणि ब्लूटूथवाल्या भागात जा, तिथं रिमोटची बॅटरी किती उरली तेही दिसते आणि नवा रिमोट जोडायचा पर्यायही तिथंच असते. अँड्रॉइड टीव्हीत तो रिमोट्स अँड ॲक्सेसरीज नावानं असते.

मोबाईलच्या वाटेत एक खड्डा आहे. फायर टीव्हीच्या ॲपला फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर पाहिजे. आता समजा तुम्ही इंटरनेट कंपनी बदलली, राउटर नवा आला, वाय-फायचं नाव बदललं, आणि त्याच आठवड्यात रिमोट रुसला. स्टिक जुनं वाय-फाय शोधत बसली आहे, नवं द्यायचं तर रिमोट पाहिजे, रिमोट नाही म्हणून ॲप पाहिजे, ॲपसाठी वाय-फाय पाहिजे. चकरा मारून डोकं फिरते. इथं दोन फोन लागतात. एका फोनवर हॉटस्पॉट लावा आणि त्याचं नाव आणि पासवर्ड जुन्या वाय-फायचाच ठेवा, अक्षर न् अक्षर तेच, कॅपिटल-स्मॉल आणि मधली जागासुद्धा, आणि बँड २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. स्टिकची वायर काढून लावा, तिला वाटते जुनंच घर आहे, ती जोडून घेते. दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडा, त्यात ॲप उघडा, स्टिक दिसेल. तिथून नवं वाय-फाय द्या. हे मी मानेवाड्याला एका मित्राकडं केलं तेव्हा त्याच्या बायकोनं मला तर्री पोहे खाऊ घातले, त्यामुळं माझं या युक्तीवर विशेष प्रेम आहे. जुना पासवर्ड आठवत नसेल तर जुन्या राउटरच्या पाठीवर चिकटवलेलं असते, राउटर परत करायच्या आधी त्याचा फोटो काढा.

कधी रिमोट चालते, कधी नाही, दाबल्यावर दोन सेकंदांनी हलते, असं असेल तर सगळं तपासूनही आजूबाजूचं पाहा. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंधळ घालते. राउटर टीव्हीच्या अगदी मागं असेल तर दोन-तीन फूट सरकवा, स्टिकला ५ गिगाहर्ट्झवालं वाय-फाय चालत असेल तर त्यावर न्या. टीव्हीला यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावलेली असेल तर ती काढून पाहा, तिच्या वायरीतूनही याच पट्ट्यात गडबड पसरते. साउंडबार, हेडफोन, गेमचा कंट्रोलर असं बरंच काही ब्लूटूथनं स्टिकला जोडलेलं असेल तर जे वापरत नाही ते काढून टाका. आणि हो, आपल्याकडं पावसाळ्याच्या आधी लाईट जाते-येते, जाते-येते, त्या झटक्यांत स्टिक अर्धवट सुरू होऊन अटकते. लाईट आली की लगेच रिमोट दाबू नका, एकदा वायर काढून लावा.

फॅक्टरी रिसेट मात्र सगळ्यात शेवटी. त्यानं सगळे ॲप, सगळे लॉगिन जातात, आणि मग परत प्रत्येक ठिकाणी ओटीपी, आणि तो ओटीपी कोणत्या भावाच्या नंबरवर जाते ते शोधायचं. आणि रिसेटनंतर पहिल्याच स्क्रीनवर रिमोट जोडा असं येते, म्हणजे रिमोट खरंच खराब असेल तर तुम्ही होते त्यापेक्षा वाईट जागी येऊन बसता.

एवढं सगळं करून, नव्या अल्कलाईन सेलवर आवाजाचंही बटण चालत नसेल आणि कॅमेऱ्यात ठिपकाही दिसत नसेल, तर हो, रिमोट गेला. आधी बिल शोधा, वॉरंटीत असेल तर बाहेर जायचीच गरज नाही. नसेल तर स्टिक कोणत्या पिढीची आहे ते तिच्या पाठीवरच्या मॉडेल नंबरवरून पाहा, तो बारीक अक्षरांत असते, फोटो काढून झूम करा, आणि त्याच नंबरला चालणारा ब्लूटूथ रिमोट घ्या. दुकानातून घेत असाल तर स्टिक खिशात घालून न्या आणि दुकानातल्याच टीव्हीवर लावून, जोडून, बाण आणि माईक दोन्ही चालवून पाहा. दुकानदार कटकट करेल, करू द्या.

बाबांनी परवा तसंच केलं म्हणे, शेजारच्या काकांसोबत स्टिक घेऊन बर्डीला गेले होते. काकांच्या रिमोटमध्ये एक सेल उलटा निघाला.